पाटावरचा जवाई

दारव्हा,
१० जुलै १९६६

रा. रा. गोविंदराव जवाईबापू यांस मारोतरावाचा रामराम.

तुमची प्रकृती कशी आहे? बगदादेत भिंतीला हात लावला तर चटका बसतो असं तुम्हीच कार्डावर लिहिलंत, तर डोक्याला ओला पंचा बांधत जा. तुमच्या जोडीच्या पूनमसिंगांची प्रकृती कशी आहे? त्यांना बसऱ्याला हगवण लागली होती, ती थांबली का? डाळिंबाची साल उकळून घ्या म्हणावं. आणि दोन्ही सायकलींची प्रकृती कशी आहे? खरं तर त्यांचीच चौकशी आधी करायला पाहिजे होती, कारण घरदार सोडून तुम्ही ज्यांचा भरवसा धरला त्या त्याच.

इकडच्यांची विचारपूस तुम्ही केली नाही, तरी एकेकाची सांगतो. तुमच्या मातोश्री मथुराबाईंचे गुडघे धरले आहेत, फुलसावंगीहून तसा निरोप होता. उंबरा ओलांडायला चौकट धरावी लागते म्हणतात. तुमच्या सासूबाई तानाबाई आभाळ आलं की खोकतात, आभाळ गेलं की बोलतात. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला आहे, म्हणून ओळी उताराला लागल्या तर समजून घ्या. नलूची प्रकृती चांगली आहे. चांगली म्हणजे ताप नाही, खोकला नाही. बाकीचं तुम्ही विचाराल तेव्हा सांगीन.

कार्ड मिळालं. नदीचं चित्र छान आहे. "सर्वांस नमस्कार" लिहून नलूचं नाव तुम्ही पार काठाला लिहिलंत आणि त्यावर पोस्टाचा शिक्का बसला. तिनं कार्ड उजेडाकडे धरून पाहिलं. "न" तेवढा वाचता आला.

आता रागाचं. मी शाळेत गेलेला माणूस नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकलो, म्हणून माझं ज्ञान पुडी फाटते तिथे संपतं. पण सोयरीक जुळवताना तुमच्या थोरल्या बंधूंनी सांगितलं होतं की मुलगा शाळेत मास्तर आहे, नोकरी कायम आहे. त्या "कायम"वर मी लेक दिली. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच तुम्ही सायकलवर जग फिरायचं म्हणून राजीनामा दिला, आणि दिल्यावर बायकोला सांगितलं. तिनं मला काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "बाबा, त्यायनं मले जगाचा नकाशा दाखवला. मी म्हटलं, याच्यात दारव्हा कुठी हाये? तं म्हणे, येवढ्या नकाशात दारव्हा नसते."

माणसानं काम सोडूच नये असं मी म्हणत नाही. बैलही कधी जू टाकून देतो. पण त्यानं टाकलं की जोडीच्या बैलाची मान तिरपी होते. हाकणाऱ्याला ते लगेच दिसतं. तुम्हाला मागं वळून पाहायला सवड नसावी.

पूनमसिंगांचे वडील रामसिंग नायक परवा बाजारात भेटले. मी म्हटलं, नायक, तुमच्या पोरानं सायकलचं चालतं दुकान बंद केलं आणि माझा जवाईही नेला. ते चिडले नाहीत. म्हणाले, आमचे बापजादे बैलांवर मीठ लादून सारा मुलूख फिरले, फिरणं आमच्या रक्तात आहे, त्याचं मला नवल नाही. "पण मारोतराव, तांडा निंगे तं बायको संगं, लेकरं संगं, कुत्रंसुदिक संगं. हे कोनतं फिरणं हाय बापा, घर मांगं टाकून?" याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

सव्वीस जानेवारीला तुम्ही निघालात तेव्हा शाळेच्या पटांगणात तुमच्या गळ्यात हार पडले, बँड वाजला, पोरांनी गर्दी केली. नागपूरच्या पेपरात फोटो आला. त्यात पूनमसिंगांचा नुसता हात दिसतो. तो फोटो तानाबाईनं काचेच्या चौकटीत बसवून घेतला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. त्या दिवशी मीही तिथे होतो. नलू बायांमध्ये मागे उभी होती. तिला कोणी हार घातला नाही.

दुसरं असं की, १८ तारखेपासून धोंड्याचा महिना लागतो. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला जवाई सासरी येतो, लेक-जवाई जोडीनं पाटावर बसतात, सासू वाण देते. हे तुम्हाला माहीत आहे. नकाशात दारव्हा नाही म्हणून आठवण दिली. येणं जमणार नाही हे मलाही कळतं. पण तानाबाई म्हणते, "लिहा तं बापा, बोलावलं नाही असं नको व्हायले." तर बोलावलं आहे.

परत कधी येणार तेवढं लिहा. सासरच्यांनी नलूला माहेरी आणून सोडलं आहे, आणि इथल्या बाया तिला रोज विचारतात. ती प्रत्येकीला वेगळा महिना सांगते. मी ऐकतो आणि गोठ्याकडे निघून जातो.

तुमचा,
मारोतराव


दारव्हा,
१४ ऑगस्ट १९६६

गोविंदराव यांस रामराम.

तुम्ही मेलात असं कळलं होतं. आता मेला नाहीत असं कळलं आहे. दोन्ही वेळा तुमचं पत्र नव्हतं.

प्रकार असा झाला. धोंड्याचा महिना अर्धा सरला, तुमचं उत्तर नाही. तानाबाईचं चित्त थाऱ्यावर नाही. वाण न देता महिना जाऊ द्यायचा नाही म्हणून तिनं हट्ट घेतला. रेशनची साखर पुरेना म्हणून गुळाचे अनारसे केले, पुरणाचे धोंडे केले. सकाळी सडा घातला, रांगोळी काढली, दोन पाट मांडले. एका पाटावर नलू बसली, नवं लुगडं, डोक्यावर पदर. दुसऱ्या पाटावर कोण बसणार? तानाबाईनं तुमचा काचेतला फोटो आणला आणि पाटावर भिंतीला टेकवून ठेवला. जवाई म्हणून कुंकवाचं बोट लावलं. जवाई म्हणून कण्हेरीचा हार घातला. समोर दिवा ठेवला, कारण धोंड्याच्या वाणात दिवा असतो. आणि ताट वाढलं. नलू खाली मान घालून बसली होती. तिला लाज वाटत होती की रडू येत होतं, ते मी विचारलं नाही.

त्या घडीला शेजारची सुखीबाई विरजण मागायला आली. उंबऱ्यापाशी थांबली. तिनं काय पाहिलं? फोटो, फोटोला हार, पुढे दिवा, वाढलेलं ताट, आणि शेजारी खाली मान घातलेली पोरगी. ती विरजण न घेता परत गेली. आम्हाला वाटलं, वाण चाललं आहे म्हणून गेली असेल.

बाजाराचा दिवस होता. दुपारपर्यंत दारव्ह्याच्या अर्ध्या बाजाराला कळलं की मारोतरावाचा जवाई परमुलखात वारला. पुसदकडचे व्यापारी बाजाराला आले होते, त्यांनी ते संध्याकाळच्या गाडीनं तिकडे, पार फुलसावंगीपर्यंत नेलं. इकडे आम्ही आमच्याच घरात बसून तुमच्या वाटचे धोंडे खातो आहोत, आणि गल्लीतली माणसं दारावरून जाताना टोपी काढतात. मला वाटलं, तानाबाईच्या वाणाचा मान ठेवतात.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं तुमच्या मातोश्री आल्या. संगं फुलसावंगीच्या चार बाया. गल्लीच्या वळणापासून आक्रोश. ज्या बाईला उंबरा ओलांडवत नाही, ती धावत आली गोविंदराव, धावत. "माह्या लेकराचं तोंड नाही दिसलं व माय, माती द्यायले नाही मिळालं." तानाबाई पीठ मळत होती, ती तशाच हातानं बाहेर आली. कोण गेलं, कोण गेलं, म्हणून तीही रडायला लागली. म्हणजे एकीला माहीत आहे कोण गेलं, दुसरीला माहीत नाही, आणि दोघी गळ्यात गळा घालून रडतात.

तोवर त्या चार बायांतली थोराड बाई, कौसल्या नावाची, सरळ घरात गेली. नलू जात्यापाशी होती. हिनं तिचा हात धरला आणि जात्याच्या दगडावर आपटला. दोन बांगड्या फुटल्या. काच मनगटात रुतली. दुसरी बाई कुंकू पुसायला पदर पुढे करते, तेवढ्यात नलूनं हात हिसकला. मी दारात पोचलो होतो. तिचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता.

"जिते हायेत ते. कोनं सांगतलं तुमाले मेले म्हणून?"

"मंग फोटोले हार कायले व?"

"धोंड्याचं वाण होतं. माह्या मायनं जवायाले वाण देल्लं."

मग सगळं उलगडलं. मथुराबाई डोळे पुसत हसल्या, परत रडल्या, तानाबाईला म्हणाल्या, "येवढी कशी येडी व तू, जित्याच्या फोटोले हार घालते." मग त्याच पाटावर बसून उरलेले अनारसे खाल्ले. दिवसभराच्या उपाशी होत्या. बाया हसू लागल्या. सुखीबाईही डोकावून गेली, विरजणाचं भांडं घेऊन. मी कोणाला बोललो नाही. पाहुण्या बाया, वर तुमच्या मातोश्री.

निघताना ती कौसल्या लुगडं झटकत म्हणाली, कोणाला उद्देशून असं नाही. "मेला असता तं एकडाव रडून मोकळी झाली असती पोरगी. हे काय? ना कुकू खरं, ना कपाळ रितं."

तिला मी काही बोलू शकलो नाही, कारण ती खोटं बोलली नव्हती. म्हणून तुला बोलतो. गोविंदा, तुला लाज आहे का? "तुम्ही तुम्ही" लिहून माझी बोटं दुखायला लागली. जवायाला अरेतुरे करू नये म्हणतात. पण जवाई पाटावर बसला तर त्याला मान द्यायचा. फोटोला काय मान द्यायचा? जग पाहतोस तू. कोणाकोणाच्या घरी भाकर खातोस, ते तुझं नाव वहीत लिहून घेतात, फोटो काढतात. इथे तुझ्या नावाच्या बांगड्या फुटल्या आणि तुला ठावं नाही तू मेला होतास ते. तार अर्ध्या आण्यात होत नाही हे मलाही कळतं, पण दोन ओळी लिहायला काय दगड फोडावे लागतात?

नलूच्या मनगटाची काच सरकारी दवाखान्यातल्या विजयमाला नर्सबाईंनी काढली. नलू तीनदा पट्टी बदलायला गेली. चौथ्यांदाही गेली, तेव्हा पट्टी सुटलेली होती. काय बोलतात त्या दोघी, मला माहीत नाही.

कासार आला होता. तानाबाईनं हिरवा चुडा काढून ठेवला. नलू म्हणाली, राहू द्या, मनगट भरलं नाही अजून. मनगट भरलं आहे. मी पाहिलं.

रागाच्या भरातही सांगतो, कार्डावर पुढचा मुक्काम बैरुत लिहिला होतास, तिथे समुद्राकाठी खारा वारा असतो, रात्री कानाला पंचा गुंडाळून निजत जा.

मारोतराव


दारव्हा,
३ ऑक्टोबर १९६६

रा. रा. गोविंदराव यांस रामराम.

मागल्या पत्रात अरेतुरे झालं. ते तुम्हाला बैरुतला पोचलं आणि तुम्ही रागावला नाहीत असं लिहिलंत. उलट तुम्ही व पूनमसिंग पोट दुखेपर्यंत हसलात. आपण मेलो होतो ही गोष्ट तुम्ही आता प्रत्येक मुक्कामाला जेवताना सांगता आणि लोक खूश होतात. वाचून मला जे वाटलं ते लिहिता येण्यासारखं नाही. मी त्या दिवशी पत्र ठेवून शेतात गेलो आणि विनाकारण बांधावरचं एक झुडूप मुळासकट उपटलं. म्हणून आज पुन्हा "तुम्ही"वर आलो आहे. आपल्या माणसाला मी "तू" म्हणतो.

तुमचं पत्र नलूनंच मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण माझा डोळा आता फारसा काम देत नाही. अजून दोन वर्षं लागतील, युरोप व्हायचं आहे, आफ्रिका व्हायची आहे, नलूनं धीर धरावा, तिला जग पाहिलेला नवरा मिळेल. हे वाक्य तिनं वाचलं, थांबली, पुन्हा वाचलं. मग पत्राची घडी घालून मला म्हणाली, "बाबा, मले जग पाह्यलेला नवरा नाही पाह्यजे. मले यवतमाळ पाह्यचं हाये."

मला वाटलं, पोरगी थट्टा करते. थट्टा नव्हती. नर्सबाईशी बोलणं काय चाललं होतं ते तेव्हा बाहेर आलं. यवतमाळला नर्सेसचं दोन वर्षांचं शिक्षण आहे. राहणं-खाणं तिथेच. सातवी पास चालते, आणि नलू सातवी पास आहे, हे तुम्हाला लग्नात सांगितलं होतं. विजयमाला नर्सबाई म्हणाल्या, हिचा हात हलका आहे, रक्त पाहून तोंड फिरवत नाही. स्वतःच्या मनगटातली काच काढताना हिनंच चिमटा धरला होता.

तानाबाई आडवी आली. लग्न झालेली पोर वसतिगृहात राहील, लोक काय म्हणतील? नलू म्हणाली, लोकांनी म्हणायचं काय ठेवलं आहे? तुम्ही दूर आहात म्हणून सांगतो, तानाबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच ट्रंक उन्हात टाकली.

मी तिला घेऊन यवतमाळला गेलो. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि वाटेत प्रत्येक गावाची पाटी वाचत होती. तिथे मोठ्या बाई भेटल्या. बोलायला चांगल्या. शिक्षण पाहिलं, हात पाहिले, पसंत केलं. मग विचारलं, लग्न झालं आहे? हो. मग नवऱ्याची लेखी परवानगी पाहिजे. नवरा कुठे असतो? मी म्हटलं, तुर्कस्थानात. त्यांना आधी वाटलं मी उद्धटपणा करतो. सगळं सांगितलं तेव्हा त्या हळहळल्या, पण नियम तो नियम. मी म्हटलं, बाप सही करतो, मी उभा आहे समोर. त्या म्हणाल्या, मुलगी विधवा असती तर बापाची सही चालली असती. नवरा जिवंत असताना चालत नाही.

गोविंदराव, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते तुमच्यापासून लपवत नाही. मी म्हटलं, लिहा मग विधवा. सगळ्या दारव्ह्याला माहीत आहे तो मेला होता ते, साक्षीदार पाहिजे तितके आणतो. मी हे मोठ्यानं बोललो. नलूनं माझा दंड धरला आणि मला बाहेर व्हरांड्यात आणलं.

"बाबा, त्या बायाइनं माह्या बांगड्या फोडल्या तवा मी म्हटलं ते जिते हायेत म्हणून. आता मीच त्याइले मारू काय? मी जित्याले मारत नाही. त्याइची सही आणा."

तुम्हाला कळतं आहे का मी काय लिहितो ते? तुम्ही पक्की नोकरी सोडली, समुद्र ओलांडला, पाच देश पालथे घातले, तेव्हा तुम्हाला बायकोची सही कोणी मागितली नाही. आणि तिला दारव्ह्याहून यवतमाळला जायचं तर तुमची सही पाहिजे. एस.टी.नं दुपारच्या आत पोचतो माणूस. तुम्ही जिवंत आहात एवढ्याच एका कारणानं ती घरात अडकून पडली आहे. माझी लेक, तुमचं भलं चिंतते म्हणून अडकली आहे, वाईट चिंतलं असतं तर सुटली असती. या गोष्टीवर मुक्कामाला जेवताना हसून पाहा. जमतं का बघा.

परत येतानाच्या बसमध्ये तिनं पाट्याही वाचल्या नाहीत.

घरी येऊन मी रागानं दोन कागद तयार केले. एक परवानगीचा. दुसरा सोडचिठ्ठीचा, दोन पंचांकडून मजकूर विचारून घेतलेला. मला दोन्ही पाठवायचे होते. खरं सांगायचं तर दुसराच पाठवायचा होता. नलूनं दोन्ही वाचले. पहिल्यात मी "नर्सबाईचे काम" लिहिलं होतं, तिथे तिनं "नर्सिंगचे शिक्षण" असं सुधारलं. दुसरा कागद घडी करून तिनं आपल्या ट्रंकेत ठेवला.

मी म्हटलं, तो काहून ठेवला?

"हा माह्या मनानं धाडीन. तुमच्या रागानं नाही."

तिच्यापुढे मी कधी हरलो नव्हतो, त्या दिवशी हरलो. म्हणून सोबत एकच कागद आहे. मजकूर असा: मी गोविंदा, राहणार फुलसावंगी, लिहून देतो की माझी पत्नी नलू हिने नर्सिंगचे शिक्षण घेण्यास व त्याकरिता यवतमाळ येथे वसतिगृहात राहण्यास व पुढे नोकरी जिथे मिळेल तिथे जाण्यास माझी हरकत नाही. शेवटचं "जिथे मिळेल तिथे" माझं आहे. ते खोडू नका. परत आल्यावर ती मारेगावच्या दवाखान्यात असेल की आणखी कुठल्या, ते मला विचारू नका, तिला पत्र लिहून विचारा. ती उत्तर देईल की नाही, ते मी सांगू शकत नाही.

कागदावर नाव पूर्ण लिहा, तारीख घाला, साक्षीला पूनमसिंगांची सही घ्या. त्यांना म्हणावं, तुमच्या मायची प्रकृती बरी आहे, वाट पाहते. तुमचा पत्ता आता अंकाऱ्याचा, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो असं पोस्टमास्तर म्हणाले. छातीला मोहरीचं तेल चोळा, तिकडे मिळत नसेल तर कुठलंही तेल गरम करून.

शिक्षणाचा वर्ग दिवाळीनंतर लागतो. मोठ्या बाईंनी जागा तेवढ्यापुरती धरून ठेवली आहे, पुढे नाही. प्रवासाची हकीगत सवडीनं लिहा, तानाबाईला ऐकायला आवडते, मीही ऐकीन. पण आधी सही. पत्र हातात पडेल त्याच दिवशी विमानाच्या टपालानं उत्तर पाठवा, उद्यावर टाकू नका. नलू रोज पोस्टमास्तरांच्या खिडकीशी जाऊन उभी राहते, आणि आता तिथे बाया तिला काही विचारत नाहीत.

मारोतराव